हलगीचे पाच ठोके

माझ्या धंद्याला शेवटपर्यंत नीट नाव मिळालं नाही. हैदराबादच्या सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर मी तीस-पस्तीस वर्षं बसलो. खाली साड्या, वर मी. पाटीवर ‘इलेक्ट्रॉनिक वाद्यांची दुरुस्ती’ असं लिहिलं होतं, बँडवाले मला ‘मास्टर’ म्हणायचे आणि आमच्या भावकीत माझी ओळख ‘बाजावाल्यांचा मिस्त्री’ अशी करून दिली जायची. या तिन्हींत भावकीचं वर्णन सगळ्यात अचूक होतं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. आता या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत. त्या आधी सांगून टाकतो, कारण मला जे लिहायचं आहे त्यात गंमत फारशी नाही.

सुरुवातीची वर्षं कीबोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर उघडण्यात गेली. मग पॅड आले. कंपनी त्याला ड्रम मॉड्यूल म्हणते, आमच्याकडे सगळे पॅड म्हणतात. चहाच्या ट्रेएवढी पेटी, वर रबराचे नऊ चौकोन. चौकोनावर काडी मारली की एक छोटा लाल दिवा लागतो आणि स्पीकरमधून आवाज येतो. ढोल, ताशा, घुंगरू, काच फुटल्याचा, जे भरलं असेल ते. पूर्वी जिथे बारा माणसं घाम गाळत चालायची तिथे एक माणूस खुर्चीवर बसून सगळं वाजवू लागला. उरलेले अकरा कुठे गेले, हे मी कधी विचारलं नाही. माझं गिऱ्हाईक बारावा होता.

कंपनीने पेटीत जे आवाज भरून दिलेले असत, ते आपल्या कानाला परके. त्यांच्या ढोलाला सर्दी झालेली असे. म्हणून प्रत्येकाला बाहेरचे आवाज आत घालून हवे असत. मी ते गोळा करायचो, साफ करायचो, पेन ड्राइव्हवर घेऊन पेटीत भरायचो. अडचण जागेची. बाहेरच्या आवाजांसाठी पेटीत जागा मोजकी असते, आणि वादकाचा स्वभाव असा की जे ऐकलं ते हवं. मग तो जिना चढून यायचा आणि पेटी टेबलावर ठेवून एकच वाक्य बोलायचा, “मास्टर, फुल बता रहा.”

या जागेचा कारभार समजून घेतला तर पुढचं सगळं समजेल. जुन्या वाचनालयात कार्डांचा खण असायचा तो आठवा. कार्डावर पुस्तकाचा क्रमांक, पुस्तक आत कपाटात. पेटीतही तसंच आहे. कोणत्या चौकोनावर काय वाजायचं याची जी यादी असते तिला ‘किट’ म्हणतात, आणि त्या यादीत आवाज नसतो, नुसता क्रमांक असतो. सदतीस नंबरचं पुस्तक काढून तुम्ही तिथे दुसरं ठेवलंत तर कार्डाला ते कळत नाही. ते इमानाने सदतीसच दाखवत राहतं. आणि पुस्तक काढून दुसरं ठेवलंच नाहीत, तरी कार्ड खणात राहतं. चौकोनावर काडी मारली की दिवा लागतो, आवाज येत नाही. शिवाय काढलेल्या पुस्तकाची फट तशीच राहते. शेजारची पुस्तकं आपणहून सरकत नाहीत. पेटीला वेगळा हुकूम द्यावा लागतो, मग ती पाच-सात मिनिटं घेऊन सगळं एका बाजूला लावते आणि जागा मोकळी होते. तेवढ्या वेळात वीज गेली तर देव आठवायचा.

सदतीसची गंमत अशी. एका व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांची शोकसभा हिमायतनगरच्या एका सभागृहात होती. माझ्या एका गिऱ्हाइकाला तिथे काम मिळालं होतं. दोन मिनिटं शांतता, मग मोठी घंटा, मग पुढाऱ्याचं भाषण, मग पुन्हा घंटा. आदल्या आठवड्यात या गड्याने कुठल्या तरी वरातीसाठी घाईघाईत घोड्याचं खिंकाळणं भरलं होतं, आणि जागा नव्हती म्हणून सदतीस नंबर रिकामा करून तिथेच घातलं होतं. तिथे पूर्वी घंटा होती. शांतता संपली आणि घोडा खिंकाळला. तो घाबरून गप्प बसला असता तरी चाललं असतं, पण ठरलेलं म्हणून भाषणाच्या शेवटीही त्याने तोच चौकोन मारला. सभेत कोणी हसलं नाही. पुढारी फार वेळ बोलले होते, त्यामुळे दुसऱ्यांदा तो अनेकांना समयोचित वाटला. दुसऱ्या दिवशी गडी माझ्यासमोर हात जोडून उभा. “मास्टर, कसम से, मैं घंटीपेच मारा.”

अशांसाठी मी एक सवय लावून घेतली होती. जो जो पेटी आणेल त्याचे सगळे आवाज माझ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचे. वादक आवाज पुसतात, पेन ड्राइव्ह हरवतात, पेटी पावसात भिजवतात, मग रडत येतात. तेव्हा मी कपाटातून काढून देई आणि थोडा वेळ देवासारखा दिसे. बाजाराची दुसरी सवय त्याला जोडलेली होती. एकाकडून उतरवलेला चांगला आवाज दुसऱ्याला भरून देणं यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आवाज कोणाचा, हा प्रश्न त्या जिन्यावरून कधी वर आला नव्हता.

तो आणला मारुतीराव वाघमाऱ्यांनी.

मारुतीराव बसडेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन अंबरपेठेत राहत. त्यांची मुलगी सुजाता कॉलेजात असताना त्यांनी माझ्याकडून तिला एक जुना पॅड घेऊन दिला, तेव्हापासूनची ओळख. पेटी दुरुस्तीला आली की ते स्वतः यायचे, समोर बसायचे आणि मी पेच काढताना बघत राहायचे. मेकॅनिकने मेकॅनिककडे बघावं तसं, फार न बोलता. कधी मी चुकीचा पेच फिरवला तर घसा खाकरायचे. सुजाता पुढे विमा कंपनीत लागली, आणि वस्तीतल्या चार मुलींना घेऊन तिने गाण्याचा संच काढला. जयंतीला, वस्तीच्या कार्यक्रमांना त्या गात. पॅड तीच वाजवायची, आणि चांगला वाजवायची.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी बापलेक दोघं आले. सुजाताने पेटी चालू करून एक चौकोन मारला.

“काका, यात हलगी म्हणून जे दिलंय ना, ते पूरा डबा बडवल्यासारखं येतंय.”

“कंपनीला हलगी कुठून माहीत असणार?”

“बाबांना माहीत आहे,” ती बापाकडे बघून म्हणाली.

मारुतीराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी सांगितलं ते पेटीकडे बघूनच. त्यांचा बाप गावात हलगी वाजवायचा. हौसेने वाजवत नसे, ते काम घराण्याकडे लावून दिलेलं होतं. गावच्या लग्नात घोड्यापुढे, पोळ्याला बैलांपुढे, कोणी मेलं की तिरडीपुढे. मारुतीराव दहा-बारा वर्षांचे असताना बापाबरोबर दिवसभर चालायचे. पंगती उठल्यावर गावकरी या बापलेकांना उरलेलं वाढायचे, तेही वरून, हाताला हात लागू न देता. मग त्यांच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि बापाने हलगी चुलीत घातली. पुढच्या लग्नात बोलावणं आलं तेव्हा तो गेला नाही. गावाने किराणा बंद केला, पाणी बंद केलं. सहा महिन्यांनी ते हैदराबादेत आले.

“मी हात लावलेला नाही तवापासून,” मारुतीराव म्हणाले. “हात इसरलेला नाही, ही येगळी गोष्ट.”

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. आमच्या गावापासून ते दोन-तीन कोसांवर आहे. माझे आजोबा आमच्या गावचे पोलीस पाटील होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखा प्रसंग नव्हता, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. दुकानाच्या पाटीवर माझं आडनाव नव्हतं.

महिनाभराने मारुतीराव एकटेच जिना चढून आले.

“मास्टर, तुमच्या या पेटीला सगळं वाजवलेलं लागतं, का एकेक ठोका दिला तर चालतं?”

“एकेकच लागतो. ठेका सुजाता धरेल.”

“मंग जमल. मी वाजवणार नाही. ठोके देतो.”

हा फरक ज्याला कळला नाही त्याला मी समजावू शकणार नाही. मला तो तेव्हा कळला होता, म्हणून पुढचं जास्त लागतं.

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही रेकॉर्डिंग केलं. मागच्या खोलीला मी गोधड्या लावल्या होत्या. सुजाताने कुठून तरी हलगी मिळवून आणली होती. तिचं कातडं उतरलेलं होतं, शेकल्याशिवाय बोललं नसतं. खोलीत जाळ करायची सोय नव्हती. मी सोल्डरिंगचं गरम हवेचं यंत्र काढलं आणि लांबून कातड्यावर फिरवायला लागलो. मारुतीरावांनी दोन मिनिटं सहन केलं, मग यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

“द्या इकडं. मशीन जाळायची हाय का हलगी?”

त्यांनी ती गोल फिरवत शेकली, अधूनमधून नखाने टिचकी मारत. एका टिचकीला थांबले. डाव्या हातावर हलगी घेतली, त्याच हातात बारीक लांब कामटी, उजव्यात जाड आखूड काठी. सुजाता बघत होती. तिने बापाच्या हातात ही वस्तू जन्मात पाहिली नव्हती, आणि ती त्याच्या हातात अशी बसली होती की काल ठेवून आज उचलली.

एक ठोका मधोमध, जाड. एक काठावर, कडक. एक तळव्याने दाबून, मुका. एक नुसत्या कामटीचा. एक दोन्हींचा. प्रत्येकानंतर ते आवाज पूर्ण मरू देत, मग पुढचा. पाचवा झाल्यावर उजवा हात आपोआप पुन्हा वर गेला. तो त्यांनी हवेतच थांबवला आणि हलगी खाली ठेवली.

ऐकताना लक्षात आलं, काठावरच्या ठोक्यात एक बारीक ‘खण’ असा आवाज आहे. डाव्या मनगटावरचं घड्याळ हलगीच्या कड्याला लागलं होतं. डेपोने निवृत्तीला दिलेलं, पोलादी पट्ट्याचं. मी म्हणालो, घड्याळ काढून पुन्हा घेऊ.

“राहू द्या काका,” सुजाता म्हणाली. “त्याच्यानंच बाबांचा वाटतो.”

निघताना मारुतीराव दारात थांबले. “एक सांगतो, मास्टर. हे पोरीच्या पेटीत राहील. वरातीपुढं नको, मयतीपुढं नको, कुणाच्या दारात नको. ती स्टेजवर हुबी राहून वाजवल, तिथं वाजू द्या.”

“तिच्या पेटीबाहेर जाणार नाही,” मी म्हणालो.

आणि दुकान बंद करताना ते पाच आवाज नेहमीच्या सवयीने हार्ड डिस्कवर उतरवले. ते बाहेर जाणं आहे, असं मनातसुद्धा आलं नाही.

सुजाताने जयंतीच्या गाण्यात ते कसे वापरले हे मी ऐकलं. शेवटच्या कडव्याआधी सगळे आवाज थांबायचे आणि नुसती हलगी आठ आवर्तनं चालायची. ठेका तिचा, ठोके बापाचे. पहिल्या वर्षी मारुतीराव मागे उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या वर्षी पुढच्या खुर्चीवर बसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. आमचे दादा, म्हणजे हे चुलतभाऊ, जमिनींच्या व्यवहारात मोठे झाले होते आणि मोठं झाल्यावर माणसाला परंपरा आठवते तशी त्यांना आठवली होती. वरातीला घोडा, सगळ्यांना फेटे, पत्रिकेवर तलवारींचं चित्र. ही तलवार आमच्या घराण्यात कोणी आणि कधी उचलली, हे मला अजून सापडलेलं नाही. आजोबांकडे सरकारी दप्तर होतं आणि दमा होता.

दादांना गावाकडची हलगी हवी होती. दोन माणसं गावी पाठवली. वाजवणाऱ्यांच्या घरची पोरं आता नोकऱ्यांत, कोणी यायला तयार होईना. दादांना तो अपमान वाटला. बैठकीत ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, “अरे, तू एवढी वर्षं बाजावाल्यांत घालवलीस, तुझ्या त्या डब्यात साधी हलगी नाही?”

सगळे हसले. मी साठी ओलांडलेला माणूस, मला राग यायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, “आहे.”

वरातीचा बँड खाजाभाईंचा होता. ते माझे फार जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पेटीत मी ते पाच आवाज भरले. विसरून भरले असं लिहिणं सोयीचं होईल. मी विसरलो नव्हतो. पाच आवाज, दोन तासांची वरात, नंतर पुसून टाकू, असा हिशेब मी केला होता. भावकीने आयुष्यात एकदा तरी माझ्या धंद्याला मान द्यावा, एवढी ती हाव होती. खाजाभाईंनी चौकोन मारून बघितला आणि मान डोलावली. “क्या चीज है मास्टर! कां से लाए?”

“गाव से,” मी म्हणालो.

आणि मारुतीरावांना त्या लग्नाचं आमंत्रण मीच दिलं होतं, त्याच्या आधी पंधरा दिवस. पत्रिका हातात घेऊन त्यांनी ठळक अक्षरांतलं ‘पाटील परिवार’ वाचलं, खाली गावाचं नाव वाचलं. “अस्सं,” म्हणाले. मग घडी घालून खिशात ठेवली. “येतो, मास्टर. तुमी बोलावलं म्हणल्यावर येणारच.” पेटीत आवाज भरताना मला वाटलं, ते हॉलमध्ये बसलेले असतील, वरात रस्त्यावर असेल. चूक दडवायची म्हणून माणूस किती बारीक विचार करतो.

संध्याकाळ होती. वरात हॉलच्या फाटकाशी आली. मारुतीराव आणि सुजाता रस्त्याच्या रहदारीतून नुकतेच पोहोचले होते आणि फाटकातच उभे होते. मारुतीरावांच्या अंगावर पांढरा इस्त्रीचा शर्ट, काखेत वराला द्यायचं पुस्तक. खाजाभाईंच्या गाडीवर मोठाले स्पीकर. बाकीचे आवाज थांबले आणि हलगी सुरू झाली. फेटे बांधलेले आमचे काका, पुतणे, जावई हात वर करून नाचायला लागले. घोड्यापुढे. दादांनी दुरून मला अंगठा दाखवला.

काठावरचा ठोका आला की त्यात ते घड्याळ वाजत होतं. एवढ्या मोठ्या स्पीकरवर ते लपणार नव्हतं. दर चौथ्या मात्रेला, खण.

सुजाता आधी मला शोधत होती. मारुतीराव कोणालाच शोधत नव्हते. ते गाडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पँटच्या खिशात ठेवलं.

मी जवळ गेलो.

“बरं वाजतंय, पाटील,” ते म्हणाले.

इतकी वर्षं ते मला मास्टर म्हणत आले होते.

दादा घामेजलेले तिकडून आले, पाहुण्यांना म्हणावं तसं त्यांनाही म्हणाले, “चला, चला, जेवून जायचं हं.” मारुतीरावांनी काखेतलं पुस्तक माझ्या हातात दिलं. “नवऱ्या मुलाला द्या. आमी जेवून आलोय.” सुजाताने माझ्याकडे न बघता बापाचा हात धरला आणि दोघं रिक्षाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाजाभाईंच्या घरी पोहोचलो आणि ते आवाज पुसायचे आहेत म्हणालो. ते चहा ओतता ओतता थांबले.

“कायकू? इत्ता अच्छा तो बजा.”

“पुसायचे आहेत.”

“मास्टर, वो तो रातकोच तीन पैडवालों ने ले लिए. मैं दे दिया.” मग माझा चेहरा बघून, “आवाज भी कोई वापस लेता क्या?”

मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या हार्ड डिस्कपासून. खाजाभाईंनी बशी खाली ठेवली. “पहले बोलना था ना, मास्टर,” एवढंच म्हणाले. मग उठून स्कूटर काढली. तिघांपैकी दोघे त्या दिवशी सापडले. तिसऱ्याने तोवर आणखी दोघांना दिले होते. आठ दिवस आम्ही फिरलो. प्रत्येकाकडे पेटी उघडायची, पाच नंबर काढायचे, पाच-सात मिनिटं थांबायचं, पेन ड्राइव्ह तपासायचे. एकाने विचारलं, कॉपीराइटचा लफडा आहे का. मी हो म्हणालो, कारण ते त्याला लगेच पटलं. शेवटचा माणूस करीमनगरला कामाला गेला होता. तिथून त्याने फोनवर सांगितलं की पुसले. पुसले असतील.

मग अंबरपेठेला गेलो. दार सुजाताने उघडलं. आत या म्हणाली, पाणी दिलं. पेटी कोपऱ्यात खोक्यात बंद होती.

“बाबा काही बोलत नाहीत,” ती म्हणाली. “नुसतं घड्याळ लावत नाहीत आता.”

मी जे जे पुसलं त्याची यादी सांगायला लागलो. तिने मध्येच खोकं पुढे सरकवलं. “यातले पण काढा, काका.”

“तुझे कशाला? तुझे तर हक्काचे आहेत.”

“मी वाजवलं की बाबांना तुमची वरात दिसेल. मलाबी दिसेल. नक्को.”

मी पेटी चालू केली. पाच नंबर काढले आणि जागा आवरण्याचा हुकूम दिला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. मारुतीराव आतून येऊन खुर्चीवर बसले आणि पूर्वी दुकानात बघायचे तसे बघत राहिले. पट्टी भरली.

“तुमच्याकडं हाय का आजून?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

होते. हार्ड डिस्कवरचे मी पुसले होते, पण त्याआधी एका पेन ड्राइव्हवर घेतले होते. कधीतरी मुलीला हवे झाले तर, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. तिच्यासाठी ठेवले की धंद्याची खोड म्हणून ठेवले, हे मला आजही ठरवता येत नाही. चार रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो आणि तो पेन ड्राइव्ह मारुतीरावांपुढच्या स्टुलावर ठेवला. खोटं बोललो होतो, असं सांगितलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

“पोरीला द्या. तिच्यासाठी दिलते.”

सुजाताने तो उचलून तळहातावर धरला. “काका, खरंच शेवटचा?”

हो म्हणायला काय लागत होतं? मला करीमनगरचा फोन आठवला. “माझ्याकडचा शेवटचा,” मी म्हणालो. तिने मान हलवली आणि आत गेली. त्याचं तिने काय केलं ते मला माहीत नाही. विचारायचा अधिकार राहिला नव्हता. त्यानंतर तिची पेटी माझ्याकडे आली नाही, आणि वर्षाच्या आत मी दुकानच बंद केलं. डोळे गेले होते, असं सगळ्यांना सांगितलं. तेही खरं होतं.

या वर्षीच्या जयंतीला मी अंबरपेठेला गेलो. बोलावणं नव्हतं. मैदानाच्या कडेला गर्दीत उभा राहिलो. वंदना झाली, दोन भाषणं झाली, पाहुण्यांना शाली झाल्या, शालींच्या संख्येवरून थोडा वाद झाला. मग पाच मुली स्टेजवर आल्या. मारुतीराव पुढच्या रांगेत होते. मनगट मोकळं होतं.

तेच गाणं होतं. शेवटच्या कडव्याआधी सगळे आवाज थांबले. दुसरं काहीही तिथे घालता आलं असतं, कंपनीचा डबासुद्धा. किट बदलायला दोन मिनिटं लागतात आणि तिला ते माझ्याइतकंच येतं. तिने बदललं नव्हतं. तिचे हात चौकोनांवर पडत होते, पुरी आठ आवर्तनं, आणि पेटीचा तो छोटा लाल दिवा लागत होता, विझत होता. आवाज येत नव्हता. गाणाऱ्या मुली मान खाली घालून थांबल्या होत्या. पुढच्या रांगेत मारुतीराव ताठ बसून दिव्याकडे बघत होते. काठावरचा ठोका कुठे येतो ते मला दिव्यावरून कळत होतं.

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. माझ्या शेजारी एक गृहस्थ लेकराला खांद्यावर घेऊन उभे होते. ते वैतागून म्हणाले, “मशीन बिघडली वाटतं. ऐन टायमाला. मिस्त्री कोण हाय या पोरींचा?”

“मी,” मी म्हणालो.